इल्मा सारकेलाची वजाबाकी

मिनेसोटाच्या उत्तरेकडच्या लोखंडाच्या खाणींच्या पट्ट्यात पाच गावांच्या शाळांना मिळून चाचणी घेणारी एकच बाई होती, इल्मा सारकेला. तिची लांबलचक तपकिरी गाडी शाळेच्या आवारात शिरली की मास्तर-बाया खिडकीतून एकमेकांना खुणा करायच्या, "आली बघ. आज कुणाचा नंबर?" गाडीतून आधी एक जड काळी पेटी उतरायची, मग इल्मा उतरायची. उंच, हाडापेराने मोठी आणि चालताना जरा पुढे झुकलेली. नऊ वर्षं तिने पहिलीला शिकवलं होतं. मग मुलं वाचायला का अडतात हे कळावं म्हणून दोन-तीन उन्हाळे डुलुथला जाऊन तिने हे चाचण्यांचं शिक्षण घेतलं. तेव्हा तिला वाटलं होतं, आपण डॉक्टरसारखं काहीतरी होणार. रोग ओळखायचा, औषध द्यायचं.

झाली ती दरवान.

काम तसं सोपं होतं. वाचता न येणारं मूल तिच्यासमोर बसवायचं. पेटीतले ठोकळे, चित्रं, कोडी यांवरून त्याचा बुद्ध्यांक काढायचा, मग वाचायला लावून वाचनाचे गुण काढायचे आणि पहिल्यातून दुसरा आकडा वजा करायचा. उत्तर वीस किंवा वीसच्या वर आलं, तर मूल 'हुशार असून वाचनात अडकलेलं' ठरायचं आणि त्याला डोलोरेस मेहेलिचच्या खोलीत जागा मिळायची. डोलोरेस एकेक अक्षर, एकेक ध्वनी हाताला धरून शिकवायची. मक्याचं पीठ पसरलेल्या ताटात बोटाने अक्षर काढायचं, तोंडाने म्हणायचं, मग बोटांवर टिचक्या मारत ध्वनी जोडायचे. सावकाश चालायचं, पण मुलं वाचायला लागायची.

उत्तर वीसच्या खाली आलं, तर इल्मा अहवालाच्या शेवटी एक ठरलेलं वाक्य लिहायची: 'मुलाची प्रगती त्याच्या क्षमतेच्या अपेक्षेप्रमाणे आहे.' म्हणजे डोकंच बेताचं, तेव्हा वाचनही बेताचंच असणार आणि करण्यासारखं काही नाही. फारच खाली आकडा असलेल्या मुलांसाठी निराळा वर्ग होता. मधल्यांसाठी काहीच नव्हतं. ती मुलं मागच्या बाकावर बसून वयाने मोठी व्हायची.

आईबापांना हे वाक्य वाचून दाखवण्याचं कामही तिचंच. अकरा वर्षांत तिने ते इतक्यांदा म्हटलं होतं, की म्हणताना ती समोरच्या बाईच्या कोटाची बटणं मोजायची.

डोलोरेस आणि इल्मा दुपारी एकत्र जेवायच्या. एकदा डोलोरेस पावाला लोणी लावता लावता सहज म्हणाली, "एक विचारू? तू माझ्याकडे एकशे पंधरावालं मूल पाठवतेस. मागे चुकून एक नव्वदवालं आलं होतं, आठवतं? शिकताना मला दोघांत काही फरक दिसत नाही गं. दोघंही 'बी' आणि 'डी'त तसेच गोंधळतात, दोघंही त्याच पिठाच्या ताटावर सुधारतात."

"मग?"

"मग काही नाही. तुला सांगितलं."

इल्माने डबा आवरला. पण त्या दिवशी घरी जाताना खाणीच्या लाल ढिगाऱ्यांजवळचं तिचं नेहमीचं वळण चुकलं.

घरी वाइनो होता. तिचा नवरा सव्वीस वर्षं खाणीत दगड फोडण्याच्या यंत्रावर होता. आता छाती गेली होती. नाकात नळी घालून दिवसभर खिडकीशी बसायचा, बाजूला प्राणवायूचं यंत्र घुरघुरायचं. खाणीने कामगार कमी केले तेव्हा त्याचा विमा गेला. आता दोघांचा विमा, त्याचं यंत्र, महिन्या-दीड महिन्याने दवाखान्यात भरती होणं, हे सगळं इल्माच्या नोकरीवर टांगलेलं होतं. वाइनो ते थट्टेवारी न्यायचा. "माझा श्वास शिक्षण खात्यातून येतो," म्हणायचा. "साहेबाशी नीट बोलत जा बाई."

कॉरीन बोझिच तिच्यासमोर आली ती १९९० सालच्या नोव्हेंबरात. हरणांच्या शिकारीचा आठवडा होता, निम्मे वर्ग रिकामे होते, तरी मुख्याध्यापकांनी साठवणीची खोलीच दिली, तीही बॉयलरला लागून. आठ वर्षांची पोर, तिसरीत. दोन घट्ट वेण्या, बाह्या मनगटाच्या वर आलेला स्वेटर. बसल्या बसल्या तिने पेटीकडे बोट दाखवलं.

"यात काय आहे? साप?"

"साप कशाला असेल?"

"आमच्या वर्गातली मुलं म्हणाली."

पोर ठोकळ्यांत रमली. चित्रांत कुठे गोंधळली, कुठे चमकली. मग शब्दांचे प्रश्न आले. इल्माने विचारलं, "चमचा आणि फावडं. दोघांत सारखं काय?"

कॉरीनने जराही विचार केला नाही. "दोन्हींनी बर्फ काढतात."

"चमच्याने?"

"बाबांच्या गाडीची काच खरवडायची पट्टी मोडली ना, मग ते चमच्याने खरवडतात. आई ओरडते, माझे चमचे वाकवले म्हणून."

इल्माने हातातली पुस्तिका पाहिली. बरोबर उत्तर छापलेलं होतं: दोन्ही अवजारं आहेत. याखेरीज दिलेल्या उत्तराला शून्य. तिने पेन्सिल टेकवली आणि शून्य काढलं. काढताना तिला चांगलंच ठाऊक होतं, की ह्या पोरीने तिच्या डोळ्यांसमोर विचार केला होता, आणि चांगला केला होता.

वाचनात मात्र कॉरीनचा चेहराच बदलला. कागद पुढे आला तशी ती खुर्चीत मागे सरकली. पहिलं अक्षर पाहायची आणि उरलेला शब्द अंदाजाने ठोकून द्यायची. चौथ्या ओळीला ती म्हणाली, "बाई, मला ना ठोकळे परत द्या. ठोकळे येतात मला."

बुद्ध्यांक चौऱ्याऐंशी. वाचन बहात्तर. फरक बारा.

इल्माने वजाबाकी दोनदा केली. बारा ते बाराच राहिले.

कॉरीनची आई पॅटी त्याच आठवड्यात भेटायला आली. गावच्या इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होती ती. हात कोपरापर्यंत लाल, अंगाला साबणाचा वास, कामाच्या कपड्यांवरच कोट चढवलेला. इल्माने कागद समोर ठेवून सगळं समजावलं. पॅटीने कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही, ती इल्माच्या तोंडाकडे बघत राहिली.

"थांबा बाई. मला नीट समजू द्या. माझ्या पोरीला वाचता येत नाही."

"हो."

"आणि वाचायला शिकवणारी बाई ह्याच इमारतीत आहे."

"हो."

"पण माझी पोर आणखी हुशार असती, तर त्या बाईंनी तिला शिकवलं असतं. नाहीये, म्हणून शिकवणार नाहीत."

इल्माची नजर कोटाच्या बटणांवर गेली. चार होती, त्यातलं एक निराळ्या रंगाचं.

"नियम तसा आहे," ती म्हणाली.

"नियम तुम्ही केला?"

"नाही."

"मग तुम्ही काय करता इथे?" हे पॅटीने भांडायला म्हटलं नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मग ती कोट सारखा करत उठली. "चला, मला चादरी आहेत."

तो प्रश्न इल्माच्या मानगुटीवर बसला तो उतरेना. नाताळच्या सुट्टीत वेलची घातलेल्या पुल्ला पावाची कणीक मळताना मध्येच तिचे हात थांबले. वाइनो म्हणाला, "त्या पिठाने तुझं काय वाकडं केलंय? किती वेळ दाबून धरलंयस त्याला." मग तिने त्याला सगळं सांगितलं. त्याने नाकातली नळी सारखी केली. बोलणं त्याला परवडायचंच कमी. शेवटी म्हणाला, "तुला शिकवता येतं की. नऊ वर्षं काय केलंस मग?"

"मला परवानगी नाही. मी चाचणी घेते, शिकवत नाही. आणि यादीत नसलेल्या मुलाला शाळेच्या वेळात—"

"मी परवानगीचं विचारलं नाही."

जानेवारीतल्या दुसऱ्या बुधवारी इल्मा जेवणाच्या सुट्टीत बॉयलरशेजारच्या खोलीत एक ताट घेऊन गेली. मक्याचं पीठ डोलोरेसने दिलं. काही न विचारता दिलं, वर कार्डांचा एक गठ्ठाही दिला. कॉरीन आली ती घाबरत. तिला वाटलं, पुन्हा परीक्षा.

"परीक्षा नाही," इल्मा म्हणाली. "पिठात बोट घाल."

असे अकरा बुधवार झाले. पहिले तीन-चार नुसते 'बी' आणि 'डी'त गेले. पोर पिठात अक्षर काढायची, पुसायची, मध्येच बोट चाटायची. पाचव्या बुधवारी तिने तीन ध्वनी बोटांवर टिचक्या मारत जोडले आणि तिच्या तोंडून आख्खा शब्द पडला. तो अंदाजाने ठोकलेला नव्हता. ती स्वतःच दचकली. "हे मी वाचलं?" म्हणाली. नवव्या बुधवारी तिने चार ओळी वाचल्या. सावकाश, अडखळत, पण एकही शब्द न गाळता. इल्मा खिडकीशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. तिला आनंद झाला होता, आणि त्या आनंदाच्या तळाशी काहीतरी भयंकर होतं. कारण ही पोर शिकू शकत होती, तर बाकीचीही शिकू शकली असती. अकरा वर्षांत ते वाक्य लिहून तिने ज्यांना ज्यांना परत पाठवलं, ती सगळी.

बातमी फुटायची ती फुटलीच. कॉरीनने वर्गात सांगितलं, वर्गातल्या पोरांनी घरी सांगितलं, आणि मार्चमध्ये आणखी दोन आया शाळेत येऊन उभ्या राहिल्या: आमच्या मुलांना का नाही?

मर्ल हॉगडाल हा पाचही गावांच्या विशेष शिक्षणाचा प्रमुख. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर इल्माला बरं पडलं असतं. त्याने तिला कचेरीत बोलावलं, स्वतः उठून कॉफी ओतली आणि दार लावून घेतलं.

"इल्मा, हे थांबव."

"ती वाचायला लागलीय, मर्ल."

"माझा विश्वास आहे. पण राज्याचे लोक येऊन यादी तपासतात. यादीबाहेरच्या मुलाला शाळेच्या वेळात, शाळेच्या माणसाने विशेष शिक्षण दिलं असं दिसलं, तर डोलोरेसची खोलीच बंद होईल. त्या खोलीत सोळा मुलं आहेत. त्यांचं काय करू?" त्याने डोळे चोळले. "आणि तू एकीला शिकवलंस. चाळीस आया आल्या तर चाळिसांना शिकवशील?"

"नियमच चुकीचा आहे."

"असेल. तो मी केलेला नाही."

हे वाक्य तिच्या ओळखीचं होतं. जाता जाता मर्ल म्हणाला, "वाइनो कसा आहे?" त्याने ते आपुलकीने विचारलं. पण पायऱ्या उतरताना इल्माला तो प्रश्न गळ्यात दोरी पडल्यासारखा लागला. बारावा बुधवार झाला नाही. कॉरीन खोलीच्या दारापर्यंत येऊन गेली, हे तिला नंतर शिपायाने सांगितलं.

पॅटी गप्प बसणारी नव्हती. कुणीतरी तिला सांगितलं, की आईला सुनावणी मागण्याचा हक्क आहे. तिने मागितली. एप्रिलच्या शेवटी राज्याच्या राजधानीहून एक अधिकारी आला आणि शाळेच्या वाचनालयात, मुलांच्या बुटक्या टेबलांभोवती सगळे गुडघे वर करून बसले. शाळांच्या बाजूने वकील होती. पॅटीच्या बाजूने पॅटी. आणि शाळांची साक्षीदार इल्मा.

वकिलीणबाईंनी आदल्या दिवशीच बजावलं होतं: "विचारलं तेवढंच सांगायचं. चाचणी नीट घेतली का? घेतली. आकडे बरोबर आहेत का? आहेत. संपलं."

तेवढं सांगून झालं. मग अधिकारी म्हणाला, "मिसेस बोझिच, तुम्हाला काही विचारायचंय?"

पॅटीच्या हातात कागद नव्हता. तिने प्रश्न पाठ करून आणला होता. "बाई, तुम्ही चौऱ्याऐंशी हा आकडा काढलात. तो आकडा असं सांगतो का, की हिला शिकवलं तरी ही शिकणार नाही?"

वकिलीणबाईंनी मान वर केली. मर्लने खाली घातली. बुटक्या खुर्चीत इल्माचे गुडघे दुखत होते. तिच्या डोळ्यांपुढे खिडकीशी बसलेला वाइनो आला, घुरघुरणारं ते यंत्र आलं. 'हे मानसशास्त्रीयदृष्ट्या सांगणं कठीण आहे' असं एक तयार वाक्य तिच्याजवळ होतं. तोंडाशी आलंही होतं.

"नाही," ती म्हणाली. "तसं तो आकडा सांगत नाही."

"कशावरून म्हणता?" अधिकाऱ्याने विचारलं.

"मी शिकवलंय तिला. अकरा बुधवार. ती शिकली."

अधिकाऱ्याने चष्मा काढून पुसला, वहीत बरंच काही लिहिलं. इल्माला क्षणभर वाटलं, झालं, मी सांगितलं, आता सुटलो सगळे.

निकाल तीन आठवड्यांनी आला. अधिकाऱ्याने लिहिलं होतं, की आईची कळकळ आणि साक्षीदाराचा प्रामाणिकपणा दोन्ही त्याला जाणवले. परंतु नियमानुसार फरक वीस हवा, तो बारा आहे. अर्ज नामंजूर.

इल्माला नोकरीवरून काढलं नाही. त्या थंडीत, त्या पगारात, पाच गावं हिंडायला दुसरं कुणी येणारं नव्हतं. लेखी ताकीद मिळाली: कॉरीन बोझिच हिला शाळेत किंवा शाळेबाहेर शिकवू नये. मर्लने पत्र स्वतः आणून दिलं. "यापेक्षा कमी काही लिहिता आलं नाही मला," म्हणाला.

वाइनोने पत्र दोनदा वाचलं. "यात पोरीचं नाव आहे," तो म्हणाला. श्वास घेतला. "आईचं नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी इल्मा इस्पितळाच्या तळघरात उतरली. धुलाईघरात वाफेने काही दिसत नव्हतं. पॅटी चादरींना घड्या घालत होती. इल्माला पाहून ती थांबली नाही.

"आता काय राहिलंय, बाई?"

"तुला शिकवते. तू तिला शिकव."

पॅटी हसली, पण ते हसू धड नव्हतं. चादरीची दोन टोकं जुळवून ती हळूच म्हणाली, "मला कुठे येतं? तुमचा तो कागद मी का पाहिला नाही, वाटतं तुम्हाला? ह्या पिशव्यांवरचे रंग बघून मी वॉर्ड ओळखते. नवऱ्यालासुद्धा माहीत नाही."

इल्मा दुसऱ्या बाजूला जाऊन उभी राहिली आणि तिने चादरीचं दुसरं टोक धरलं.

तेव्हापासून पॅटीच्या अडीचच्या सुट्टीत दोघी घडीच्या टेबलाशी बसू लागल्या. पीठ नव्हतं, धुण्याची पावडर होती. पॅटी फार चिडायची. "चाळिशीला आले मी, आणि 'डी'चं पोट कुठल्या बाजूला ते विचारतेय!" कधी ताट ढकलून द्यायची. पण संध्याकाळी घरी जाऊन कॉरीनला तेच दाखवायची. कितीदा पोरच तिला सुधारायची, कारण तिचे अकरा बुधवार आधी झालेले होते. माय-लेकी अशा रखडत, भांडत पुढे सरकल्या. एखाद्या आठवड्यात पॅटीला दोन पाळ्या कराव्या लागायच्या, मग सगळं थांबायचं आणि पुन्हा मागून सुरू व्हायचं.

कॉरीन सहावीत गेली. धडे मोठे झाले, ती पुन्हा मागे पडली, आणि तिच्या नव्या बाईंनी तिला चाचणीला पाठवलं. चाचणी घेणारी इल्माच होती. दुसरं होतं कोण?

पोर आता उंच झाली होती, वेण्या कापल्या होत्या. ती सावकाश वाचत गेली, घाम पुसत, पण वाचत गेली. वाचन एकोणऐंशी. शब्दांच्या प्रश्नांत मात्र ती घसरली होती. पुस्तकांतून मिळतात ते शब्द तिला फार उशिरा भेटायला लागले होते. बुद्ध्यांक एक्याऐंशी. फरक दोन.

इल्मा त्या दोनाकडे पाहत बसली. इतकी वर्षं आईने पाळ्यांमधून वेळ काढून, लाज गिळून पोरीला जे शिकवलं, त्याने फरक आणखी कमी केला होता. नियमाच्या हिशेबी कॉरीन आता मदतीपासून आधीहूनही लांब होती. काहीच केलं नसतं तरी दार बंद होतं, आणि केलं म्हणून आणखी घट्ट बंद झालं.

पॅटी भेटायला आली तेव्हा इल्माने पेन खाली ठेवलेलं होतं. "मला लिहवत नाही," ती म्हणाली.

"लिहा, बाई." पॅटीने कागद आपल्याकडे ओढला. खाली छापलेल्या रकान्यांवरून बोट फिरवत ती एकेक शब्द लावत वाचत होती. "तुमचा यात काही दोष नाही, असं मी म्हणत नाही. आहे. पण लिहा. तुम्ही नाही लिहिलं तर दुसरं कुणी लिहील, आणि त्याला रात्रीची झोप लागेल."

इल्माने लिहिलं. 'अपेक्षेप्रमाणे.'

इतर आयांनाही तिने तसंच शिकवू पाहिलं, चर्चच्या तळघरात, शनिवारी. चार आल्या. एकीची पाळी बदलली, एक दारूत बुडाली, एकीला नवरा येऊ देईना. एक टिकली. तेवढ्यात वाइनो गेला, १९९६च्या फेब्रुवारीत. आता विम्यासाठी नोकरीला चिकटून राहण्याचं कारण उरलं नव्हतं. डोलोरेस म्हणाली, "सोड ही पेटी. माझ्याबरोबर शिकवायला ये." इल्मा हो म्हणाली आणि गेली नाही. आपण सोडलं तर नवीन येणारी बाई बटणंसुद्धा मोजणार नाही, असं तिने स्वतःला सांगितलं. ते खरं होतं का, की इतकी वर्षं ज्या कामाने तिला बांधून ठेवलं त्याच्याबाहेर कसं उभं राहायचं हेच ती विसरली होती, हे तिला कधी ठरवता आलं नाही. आणखी सहा वर्षं ती वजाबाकी करत राहिली.

कॉरीन बारावी कशीबशी पास झाली आणि इस्पितळाच्या स्वयंपाकघरात लागली. तिथे प्रत्येक ताटावरचं कार्ड वाचून कुणाला मीठ नाही, कुणाला साखर नाही ते पाहावं लागतं. "अजून एकही चूक नाही," पॅटीने फोनवर सांगितलं. "सगळ्यांत हळू तीच. पण चूक नाही."

इल्मा निवृत्त होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील, एका सकाळी मर्लचा फोन आला. वॉशिंग्टनमध्ये कायदा बदलला होता. आता ती वजाबाकी सक्तीची राहिली नव्हती. मुलाला आधी शिकवून बघायचं, आणि शिकवूनही अडलं तर मदत वाढवायची, बुद्ध्यांक काही असो. "तुला आधी सांगावंसं वाटलं," मर्ल म्हणाला. त्याचा आवाज म्हाताऱ्यासारखा वाटत होता.

"बरं झालं," इल्मा म्हणाली. "जुन्या मुलांचं काय?"

"कुठल्या जुन्या?"

"ज्यांना आपण परत पाठवलं."

"ती आता मुलं राहिली नाहीत, इल्मा."

त्याच ऑक्टोबरात ती बर्फाचे टायर चढवून घ्यायला गॅरेजात गेली. तिथला माणूस तिशीचा होता, रुंद खांद्यांचा, हसतमुख. काम झाल्यावर त्याने पावती आणि पेन तिच्याकडे सरकवलं. "टायरचा नंबर तेवढा तुम्हीच लिहाल का, बाई? चष्मा घरी राहिला माझा." खिशावर नाव शिवलेलं होतं, रॉनी. इल्माने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिला ओळख पटली. रॉनी प्रेबिच, सन चौऱ्याऐंशी, दुसरी. फरक चौदा की पंधरा.

तिने नंबर लिहिला. मग मनाचा हिय्या करून म्हणाली, "तुला आठवत नसेल. लहानपणी मी तुझी एक चाचणी घेतली होती."

त्याने कपाळाला आठ्या घातल्या आणि मग एकदम चेहरा उजळला. "ठोकळ्यांच्या बाई! लाल-पांढरे ठोकळे, ना? कसे विसरेन! शाळेत तेवढा एकच दिवस मजा आली होती मला."

"रॉनी, त्या दिवशी—" तिला सांगायचं होतं की आकडा चुकीचा होता. नाही, आकडा चुकीचा नव्हता, त्या आकड्याला विचारलेला प्रश्न चुकीचा होता. तू शिकला असतास. पंधरा वर्षं घोळवलेली वाक्यं होती, आणि एकही बाहेर पडेना.

तो हात पुसत होता. "त्यानंतर रोज खिडकीतून बघायचो मी, तुमची तपकिरी गाडी आली का," तो म्हणाला. "मला वाटलं होतं, तुम्ही पुन्हा बोलवाल."